११८ मशीन, ३ ऑपरेटिंग सिस्टिम: प्रकल्प नोंदी

सुरुवातीची मोजणी: ऑफिसातले संगणक, म्हणजे मशीन, एकूण ११८. ७८ विंडोज ११ वर, डिझाइनकडे ९ मॅक, आणि ३१ अजून विंडोज १० वर. ही ३१ मशीन ११ वर जात नाहीत. बहुतेकांचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीतला आहे. काहींत टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे, पण प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ती आहेत तशी नेटवर्कवर ठेवता येत नाहीत.

काम असं: या ३१ वर लिनक्स टाकायचं की नवी मशीन घ्यायची, हे प्रत्यक्ष करून पाहून ठरवायचं. माणसं दोन, रोजची कामं सांभाळून. अंदाज ९० तासांचा धरला. खर्च तासांत लिहिला आहे. भागांच्या आणि लायसन्सच्या किमती प्रत्येकाला वेगळ्या पडतात, वाया जाणारे तास मात्र सगळीकडे बरेचसे सारखेच असतात.

दिवस १

३१ मशीनची कामानुसार वाटणी: ग्राहक प्रतिसाद १४ (ब्राउझर आणि मेल, बाकी काही नाही), अकाउंट्स ९, स्टोअर ५, रिसेप्शन आणि मीटिंग रूम मिळून ३.

ही यादी मशीनच्या वयावरून न करता कामावरून केली, ते बरं झालं. "जुनं मशीन म्हणजे लिनक्स" असा नियम लावला असता, तर एकाच टेबलावर शेजारी-शेजारी दोन सिस्टिम आल्या असत्या. एकाच विभागात मिश्रण करायचं नाही, गेला तर पूर्ण विभाग जाईल, हे आजच ठरवलं.

दिवस २

लायसन्सचा हिशेब. इथे पहिली चूक सापडली. मूळ प्रस्तावात प्रत्येक लिनक्स मशीनमागे विंडोजचा सगळा खर्च वाचला असं धरलं होतं. तसं होत नाही. विंडोज सर्व्हरवरची फाइल उघडायला किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (ऑफिसातली खाती आणि पासवर्ड सांभाळणारी विंडोज सर्व्हरवरची सेवा) लॉगिन करायला क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं. ते माणसामागे किंवा उपकरणामागे असतं, उपकरणावर कोणती सिस्टिम आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मॅकलाही लागतं, लिनक्सलाही लागतं. म्हणजे सर्व्हर विंडोजचा राहणार असेल तर ही ओळ हिशेबातून कमी होत नाही.

दुसरं, जुन्या मशीनबरोबर कंपनीकडूनच आलेलं (ओईएम) विंडोज त्या मशीनलाच बांधलेलं असतं. डिस्क पुसली म्हणून ते दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. या दोन ओळी दुरुस्त केल्यावर कागदावरची बचत निम्म्याहून कमी उरली. तरीही पुढे जायचं ठरलं, कारण एकच सिस्टिम असण्याचा धोका खरा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली. त्या दिवशी लिनक्स आणि मॅक चालू होते. ग्राहकांचे फोन घेणारा विभाग वेगळ्या सिस्टिमवर असेल तर अशा दिवशी निदान फोन तरी घेता येतात.

दिवस ४

लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप निवडलं. टास्कबार खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे शिकवायला कमी. सपोर्ट २०२९ पर्यंत.

सुटे भाग: ३१ पैकी २२ मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. २२ सॅटा एसएसडी, प्रत्येकी २४० जीबी, आणि २२ रॅमच्या पट्ट्या, प्रत्येकी ८ जीबी डीडीआर४, मागवल्या. मागवण्याआधी एकही मशीन उघडून पाहिलं नाही.

दिवस ९

६ मशीनमध्ये पट्टी बसेना. सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल आहे. पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावून काही होत नाही, आणि लावूही नये. ६ पट्ट्या परत, नव्या येईपर्यंत ५ दिवस गेले. चालू मशीनवर रॅमचा प्रकार वाचायला एक मिनिट पुरतं. ते आधी करायला हवं होतं.

दिवस ११: डोमेन जोडणी, पहिला प्रयत्न

रेल्मडी आणि एसएसएसडी (लिनक्स मशीन डोमेनला जोडणारी आणि लॉगिन सांभाळणारी साधनं) वापरून ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडायचं. डोमेन, म्हणजे तिथली मशीन आणि खात्यांची एकत्र व्यवस्था, सापडतच नाही. सर्व्हरचा पत्ता आकड्यात दिला तर पिंग लागतो, नावाने लागत नाही.

कारण: डोमेनचं नाव "डॉट लोकल"ने संपतं. कोणीतरी फार वर्षांपूर्वी ठेवलेलं. लिनक्सवर "डॉट लोकल" हे एमडीएनएससाठी (जवळच्या उपकरणांनी आपापसांत नावं शोधायची पद्धत) राखीव समजलं जातं, म्हणून ते नाव पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारलंच जात नाही. उपाय दोन जागी: नावं शोधणाऱ्या सिस्टिमडी-रिझॉल्व्हडमध्ये हे डोमेन शोधयादीत घातलं, आणि शोधण्याचा क्रम ठरवणाऱ्या एनएस-स्विचच्या फाइलमध्ये होस्टच्या ओळीत डीएनएस आधी, एमडीएनएस नंतर केलं. त्यानंतर लगेच सापडलं. मॅकवरही हाच त्रास होतो. नवं डोमेन उभारणाऱ्याने हा शेवट कधीच ठेवू नये.

४ तास.

दिवस १२

जोडलं गेलं, पण लॉगिन करताना पूर्ण "नाव ॲट डोमेन" लिहावं लागतं, आणि होम फोल्डर तयार होत नाही म्हणून लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकलं जातं.

पहिल्यासाठी एसएसएसडीच्या फाइलमध्ये पूर्ण नावाची सक्ती बंद केली आणि होम फोल्डरच्या नावातून डोमेन काढलं. दुसऱ्यासाठी पॅमच्या (लिनक्सवर लॉगिन तपासणारी यंत्रणा) सेटिंगमध्ये "मेक होम डिर" चालू केलं. मिंटवर आणि ते ज्यावर आधारलेलं आहे त्या उबुंटूवर ते आपोआप चालू होत नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आधी होम फोल्डर चालू केलं आणि नंतर नाव बदललं, तर प्रत्येक माणसाचे दोन फोल्डर होतात आणि जुन्यातल्या फाइल "गायब" होतात. चाचणीच्या मशीनवर तेच झालं.

दिवस १५

या कामात सर्वांत जास्त फसवणारा दोष हाच.

पहिलं मशीन जोडलं, चाललं. दुसरं जोडलं, चाललं. दुपारी पहिल्यावर लॉगिन बंद. पहिलं पुन्हा जोडलं, चाललं; तासाभराने दुसरं बंद. दोन्हीकडच्या लॉगमध्ये "मशीनचा पासवर्ड जुळत नाही" अशा अर्थाची तक्रार. घड्याळ तपासलं, डीएनएस तपासलं, केबलसुद्धा बदलली.

मशीनची नावं विभाग, मजला, अनुक्रमांक अशा क्रमाने ठेवली होती आणि ती १८ अक्षरांची होती. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं मशीनच्या खात्याचं नाव १५ अक्षरांपुरतंच घेतलं जातं. शेवटची ३ अक्षरं, म्हणजे नेमका अनुक्रमांक, कापली जात होती. दोन्ही मशीन एकाच खात्यावर आळीपाळीने आपला पासवर्ड लिहीत होती. विंडोज असं नाव देताना तिथेच सूचना देतं. इथे कोणी काही बोललं नाही.

नवी नावं ८ अक्षरांची: विभागाची ३, एक आडवी रेघ, ४ आकडी नंबर. हाच नंबर मशीनच्या स्टिकरवर आहे. ९ तास गेले.

दिवस १६

तीन मशीनवर तात्पुरतं विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं होतं. विंडोजमधून लिनक्समध्ये गेलं की घड्याळ काही तास चुकतं आणि केर्बेरॉस (डोमेनमध्ये तिकीट देऊन ओळख पटवणारी यंत्रणा) लॉगिन नाकारतं. त्याची मर्यादा ५ मिनिटांच्या फरकाची. विंडोज बोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं धरतं. लिनक्सला स्थानिक वेळ वाचायला सांगता येतं, विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसीही शिकवता येतं. दोन्ही करून पाहिलं आणि शेवटी दुहेरी बूटच काढून टाकलं. ऑफिसात ते ठेवू नये: जी सिस्टिम महिनाभर उघडली जात नाही, तिला महिनाभर अपडेटही मिळत नाहीत.

सगळ्या लिनक्स मशीनवर घड्याळ जुळवणारं क्रोनी, वेळेचा स्रोत डोमेन कंट्रोलर.

दिवस १८

ग्राहक प्रतिसादच्या पहिल्या ४ जणांना मशीन दिली. सकाळी लॉगिन व्यवस्थित. चहाला उठून आले, स्क्रीन लॉक झालेली, पासवर्ड बरोबर असूनही उघडेना. मशीन बंद-चालू केलं की पुन्हा लॉगिन होतं.

एसएसएसडी ग्रुप पॉलिसीतला (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू होणारे नियम, म्हणजेच जीपीओ) "या मशीनवर कोणी लॉगिन करायचं" हा भाग वाचतं आणि पाळतं. कोणती पॅम सेवा कोणत्या प्रकारात मोडते याची त्याची यादी ठरलेली आहे. लॉगिनची खिडकी त्या यादीत आहे, सिनॅमन-स्क्रीनसेव्हर नाही. यादीत नसलेल्या सेवेला सरळ नकार मिळतो. जीपीओच्या "इंटरॅक्टिव्ह" यादीत अधिक चिन्ह लावून सिनॅमन-स्क्रीनसेव्हर जोडलं, काम झालं. काही ठिकाणी ही पूर्ण तपासणीच बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो घेऊ नये. मग डोमेनमधला कोणीही कोणत्याही मशीनवर बसू शकतो.

त्याच दिवशी ऑफलाइन लॉगिनची साठवण चालू केली. ती नसेल तर नेटवर्क गेलं की मशीनही गेलं.

दिवस २२: फाइल शेअर

सर्व्हरवरचे सामायिक फोल्डर, म्हणजे शेअर, केर्बेरॉसने माउंट केले (मशीनला जोडले), पासवर्ड कुठेही फाइलमध्ये लिहिलेला नाही. चाललं. पण संध्याकाळच्या पाळीतल्यांना आठ-साडेआठच्या सुमारास फोल्डर नाकारला जाऊ लागला. केर्बेरॉसचं तिकीट १० तासांचं असतं. मशीन झोपलेलं असेल तर नूतनीकरण राहून जातं. एसएसएसडीत नूतनीकरणाची मुदत ७ दिवस आणि तपासणी दर तासाला अशी दोन मूल्यं भरली. ती मुळात रिकामी असतात, आणि रिकामी असली तर नूतनीकरण होतच नाही.

दिवस २४

लिबर ऑफिसमधून (एक्सेल-वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) शेअरवरची फाइल उघडताना अधूनमधून लॉकची (एकाच वेळी दोघांनी फाइल बदलू नये म्हणून लागणारं कुलूप) चूक येत होती. जुना, सर्रास फिरणारा उपाय म्हणजे माउंट करताना "नोबीआरएल" हा पर्याय लावणं. लावला. चूक गेली.

दिवस २७

चूक गेली, कारण लॉकच गेला. त्या पर्यायाचा अर्थच सर्व्हरला लॉक न कळवणं असा आहे. पाळ्यांचा तक्ता एकाने लिनक्सवर उघडला, दुसऱ्याने विंडोजवर एक्सेलमध्ये. दोघांनाही बदल करता आले, दोघांनी सेव्ह केला. पहिल्याचं तासाभराचं काम गेलं. सर्व्हरवरच्या जुन्या प्रतीतून अर्धं परत मिळालं.

पर्याय काढला. मूळ चुकीचं कारण वेगळंच निघालं: लिबर ऑफिसची स्वतःची लॉक फाइल त्या फोल्डरमध्ये तयार होत नव्हती, कारण तिथे "असलेली फाइल बदला" ही परवानगी होती, "नवी फाइल करा" ही नव्हती. परवानगी दुरुस्त केल्यावर दोन्ही प्रश्न सुटले. ज्या तक्त्यात एकाच वेळी अनेकजण लिहितात तो शेअरवर ठेवू नये, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तक्त्यात न्यावा. पाळ्यांचा तक्ता तिकडे नेला.

दिवस २९: फाइलींची नावं

लिनक्सवर नावात कोलन चालतो, विंडोजवर नाही. "भेट: ३ वाजता" असं नाव लिनक्सवरून शेअरवर गेलं की कोलनच्या जागी खासगी वापराचं एक युनिकोड चिन्ह जातं. विंडोजवर तिथे ठिपका किंवा चौकोन दिसतो. नावाच्या शेवटी पूर्णविराम किंवा मोकळी जागा, प्रश्नचिन्ह, तारका, उभी रेघ, यांचीही तीच गत. प्रत्येक डेस्कवर निषिद्ध चिन्हांची चिठ्ठी लावली. तिने बराच फरक पडला.

मराठी नावांत एक दोष असा निघाला, जो आम्हाला इतर कुठे लिहिलेला सापडला नाही म्हणून सविस्तर. शेअरवर "कर्मचाऱ्यांची यादी" या नावाच्या दोन फाइल दिसू लागल्या, अक्षर न् अक्षर सारख्या. एकाच फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाइल राहू शकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून आधी सर्व्हरवरच शंका घेतली. "ऱ्य" दोन प्रकारे लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून स्वतंत्र "ऱ", मग हलन्त, मग "य" जातो. दुसऱ्या एका फोनेटिक कीबोर्डवरून साधा "र", हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह, मग "य" जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. शोधताना एक सापडते, दुसरी सापडत नाही.

युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतर (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एका रूपात आणणं) केलं तर "र"वर नुक्ता दिलेला "ऱ" एका रूपात येतो. पण जोडचिन्हाचा प्रकार त्याने सुटत नाही, तो स्वतंत्रपणे बदलावा लागतो: र, हलन्त, जोडचिन्ह या तीन चिन्हांच्या जागी ऱ आणि हलन्त. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती रोज रात्री अशा नावांची यादी देते, स्वतः काही बदलत नाही. पहिल्या रात्री ६३ नावं निघाली. बदल हाताने केले, कारण त्यातल्या ११ जोड्यांत दोन्ही फाइलींत वेगळा मजकूर होता. सगळ्या मशीनवर आता एकच इनस्क्रिप्ट.

दिवस ३३: प्रिंटर

दोन नवे नेटवर्क प्रिंटर आयपीपी या छपाईच्या नेटवर्क पद्धतीने ड्रायव्हरशिवाय लागले. विंडोज प्रिंट सर्व्हरच्या रांगेतून जाण्याचा प्रयत्न सोडून दिला. लिनक्सहून थेट प्रिंटरकडे जाणं सोपं आणि टिकाऊ. तिसरा प्रिंटर विभागाचा कोड मागतो. ड्रायव्हरशिवायच्या रांगेत कोड पाठवायची सोयच नाही, काम शांतपणे रद्द होतं. कंपनीची लिनक्ससाठीची वर्णन फाइल टाकल्यावर कोडचा रकाना आला.

मध्येच दोन दिवस प्रिंटर "कागद घाला" म्हणून थांबत होता, ट्रे भरलेला असताना. सिस्टिम लावताना भाषा अमेरिकी इंग्रजी निवडली गेली होती, त्यामुळे नव्या कागदपत्रांचा आकार ए४ ऐवजी लेटर. इन्स्टॉलच्या साच्यात प्रदेश आणि कागद दोन्ही ठरवून टाकले.

दिवस ३६: स्टोअरचे लेबल प्रिंटर

लेबल ५० बाय २५ मिलिमीटर, प्रिंटर २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके), म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे ४०० बाय २०० ठिपक्यांचं लेबल. बारकोडची सर्वांत बारीक रेघ २ ठिपक्यांची. पीडीएफ करून कप्समार्फत (लिनक्सची छपाई यंत्रणा) पाठवलं, छापलं छान, स्कॅनर वाचेना. भिंगाखाली पाहिलं तर सगळ्या बारीक रेघा २ ठिपक्यांच्या नव्हत्या. कप्स पानाला "मावेल असं" करण्यासाठी चित्र किंचित आक्रसतं. ९७ टक्के केलं की २ ठिपक्यांच्या रेघेचे पूर्ण ठिपके होत नाहीत आणि पूर्णांकात बसवताना रेघा असमान होतात.

रांग "रॉ", म्हणजे आलेल्या मजकुरात काहीही न बदलता पुढे पाठवणारी, केली आणि लेबल प्रिंटरच्याच भाषेत मजकूर म्हणून पाठवलं. बारकोड प्रिंटर स्वतः काढतो. १०० लेबलं स्कॅन केली, १०० वाचली गेली. स्टोअरची ५ मशीन लिनक्सवर पक्की.

दिवस ३९

रिसेप्शन आणि मीटिंग रूमच्या ३ मशीनमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू. ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिथे कोणतीही कळ दाबून, सही नोंदवून, आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. ती १० सेकंद थांबते आणि निघून जाते. मशीन दूरवरून रीस्टार्ट केलं होतं, समोर कोणी नव्हतं. ड्रायव्हर लोड झाला नाही, पडदा मोठ्या अक्षरांत अडकला. या मशीनवर व्हिडिओ कॉलपलीकडे काम नाही. कंपनीचा ड्रायव्हर काढला, लिनक्सबरोबर येणारा नूव्हो ड्रायव्हर पुरेसा आहे.

दिवस ४१: डिस्क एन्क्रिप्शन

लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन. पण सामायिक मशीनवर दर बूटला लांब पासवर्ड कोण टाकणार? क्लेव्हिस (मशीनवर) आणि टँग (सर्व्हरवर) लावलं: मशीन ऑफिसच्या तारेच्या नेटवर्कवर असेल तर डिस्क आपोआप उघडते, बाहेर नेलं तर नाही. बूटच्या त्या टप्प्यावर वायफाय नसतं, त्यामुळे केबल हवीच.

वीज गेल्यावर सगळी मशीन एकत्र उठली आणि सगळ्यांनी पासवर्ड मागितला. टँग ज्या व्हर्च्युअल मशीनवर होतं, ते सर्वांत शेवटी उठलं. दुसरं टँग वेगळ्या सर्व्हरवर ठेवलं, दोघांपैकी कोणतंही एक पुरे अशी अट घातली. रिकव्हरी पासवर्ड छापून तिजोरीत.

दिवस ४४ ते ५५: अकाउंट्स

बारा दिवसांची एकच नोंद, कारण रोज तेच चाललं होतं.

अकाउंट्सकडे एक्सेलच्या १४ मॅक्रो फाइल. ५ लिबर ऑफिसमध्ये आहेत तशा चालल्या. ४ थोडे बदल करून चालल्या. ५ चालणारच नाहीत. त्या आउटलुकला मेल पाठवायला सांगतात, ॲक्सेसचा डेटाबेस उघडतात, ॲक्टिव्हएक्सची बटणं वापरतात. हे सगळं विंडोजच्या कॉम यंत्रणेवर (एका प्रोग्रामने दुसऱ्याला काम सांगण्याची सोय) उभं आहे आणि लिनक्सवर ती यंत्रणाच नाही. पॉवर क्वेरीचे (एक्सेलमध्ये बाहेरून डेटा ओढणारी सोय) ३ अहवाल तर उघडून ताजेच होत नाहीत.

रिमोट डेस्कटॉपवर विंडोज देऊन पाहिलं. चालतं, पण खर्च पाहा: प्रत्येक माणसामागे रिमोट डेस्कटॉपचं वेगळं ॲक्सेस लायसन्स, ते आधीच्या लायसन्सच्या वर. सर्व्हरवर ऑफिस चालवायला शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन (एकाच संगणकावर अनेकांनी ऑफिस वापरण्याची सोय) असलेला प्लॅन लागतो, सगळ्या प्लॅनमध्ये ते नसतं. लायसन्स सर्व्हर न लावताही १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, आणि चाचणी "यशस्वी" झाल्यासारखी वाटते. १२१ व्या दिवशी कोणालाच आत जाता येत नाही. प्रत्येकाला व्हर्च्युअल विंडोज द्यायचं, तर विंडोज नसलेल्या उपकरणासाठी व्हीडीए नावाचं वेगळं लायसन्स. ९ माणसांसाठी यातला कोणताही मार्ग नव्या मशीनपेक्षा स्वस्त पडला नाही.

वर मराठी टायपिंग: स्थानिक मशीनवरचा इनस्क्रिप्ट रिमोट खिडकीत पोचत नाही, तिकडे फक्त कळांचे क्रमांक जातात. स्थानिक कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून रिमोट बाजूला इनस्क्रिप्ट निवडावा लागतो. प्रत्येकजण दिवसातून चारदा चुकत होता.

सीएसव्हीचाही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) त्रास झाला. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की मराठी नावांचा चिखल होतो. सुरुवातीला बॉम (मजकूर यूटीएफ-८ आहे हे सांगणारं, न दिसणारं चिन्ह) असेल तर होत नाही. तेच बॉम लिनक्सवरच्या आयात स्क्रिप्टला पहिल्या रकान्याच्या नावाचा भाग वाटलं आणि तिने "रकाना सापडला नाही" म्हणून काम थांबवलं. आता लिहिताना बॉम घालतो, वाचताना काढतो.

५५ व्या दिवशी निर्णय: अकाउंट्सची ९ मशीन विंडोज ११ ची नवी. ४१ तास गेले. ही तपासणी पहिल्या आठवड्यात, विंडोजवरच लिबर ऑफिस टाकून, दोन दिवसांत झाली असती. फ्रान्सच्या जान्दार्मरी या पोलीस दलाने हाच क्रम पाळला होता: २००५ मध्ये ओपन ऑफिस, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू. आधी वरची सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवरच बदलायची, ती अंगवळणी पडली की खालची सिस्टिम काढायची. हे माहीत असूनही आम्ही उलट केलं.

दिवस ५७: फॉन्ट

कॅलिब्री आणि कॅम्ब्रियासाठी कार्लिटो आणि कॅलाडिया टाकले. अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी सरकत नाहीत. एरियल, टाइम्सला लिबरेशन आहे. मंगल आणि निर्मलाला असा जुळा फॉन्ट नाही, म्हणून दोन पानी मराठी पत्र तिसऱ्या पानावर जात होतं आणि सही एकटी पडत होती. विंडोजचे फॉन्ट लिनक्सवर उचलून न्यायला लायसन्स परवानगी देत नाही. पत्रांचे सगळे साचे नोटो सॅन्स देवनागरीत केले आणि तो फॉन्ट तिन्ही सिस्टिमवर बसवला. मिश्र ऑफिसात हाच एक मार्ग खात्रीचा आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी पत्रं एका विंडोज मशीनवरच राहतील. गरज पडेल तसं रूपांतर.

दिवस ६० ते ६४: मॅक

९ मॅक आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरीला बांधलेले होते. पासवर्ड बदलला की फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) जुनाच मागतं, कीचेन (साठवलेल्या पासवर्डची पेटी) वेगळाच मागते. बांधणी सोडली, खाती स्थानिक केली, आणि एमडीएममधून (उपकरणं दुरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) केर्बेरॉसचं सिंगल साइन-ऑन एक्स्टेंशन दिलं. पासवर्ड जुळलेला राहतो, शेअर उघडतात. फाइलव्हॉल्टच्या रिकव्हरी किल्ल्या एमडीएमकडे जमा.

एमडीएमला लागणारं ॲपलचं पुश प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं आणि ते ज्या ॲपल खात्याने काढलं त्याच खात्याने नूतन करावं लागतं. दुसऱ्या खात्याने नवं काढलं तर सगळी उपकरणं पुन्हा नोंदवावी लागतात. आमचं एका माणसाच्या खात्यावर निघालं. त्या माणसाची नोकरी बदलण्याआधी ते लक्षात आलं, म्हणून वेळेत विभागाच्या सामायिक खात्यावर हलवलं, ९ मॅक पुन्हा नोंदवून.

मॅकवरून शेअरवर पडणाऱ्या लपलेल्या डीएस-स्टोअर फाइल (फोल्डरच्या मांडणीची नोंद) एमडीएमच्या प्रोफाइलने बंद केल्या.

दिवस ६७

ग्रुप पॉलिसीचा फार थोडा भाग लिनक्स पाळतं, बाकी सगळं अन्सिबलने (अनेक मशीनची सेटिंग एका जागेवरून लावणारं साधन). आधी सर्व्हरकडून संध्याकाळी ढकलत होतो. तेव्हा निम्मी मशीन बंद असायची आणि ती मागे पडायची. आता मशीन स्वतः दर ४ तासांनी ओढून घेतं, चुकलेली पाळी चालू झाल्यावर भरून काढतं. अन्सिबलचं मुख्य टोक विंडोजवर थेट चालत नाही, एक छोटा लिनक्स सर्व्हर लागतो.

दिवस ७४: तासांचा हिशेब

लॉगिन आणि डोमेन ३८. फाइल शेअर आणि नावं २७. प्रिंटर ३१. कागदपत्रं, मॅक्रो, फॉन्ट ५२, त्यातले ४१ अकाउंट्सचे. लोकांना शिकवणं आणि पहिल्या दोन आठवड्यांची मदत ३४. सुटे भाग आणि इन्स्टॉल २६. मॅक २२. लिखाण १२. एकूण २४२, अंदाज ९० चा.

प्रत्यक्ष सिस्टिम टाकायला एकूण वेळेच्या जेमतेम दहावा भाग लागला. बाकीचा वेळ दोन सिस्टिम जिथे एकमेकींना भेटतात तिथे गेला, आणि तो २२ मशीनला लागला तेवढाच जवळपास ६० ला लागला असता. म्हणून पाच-सहा मशीनसाठी वेगळी सिस्टिम आणू नये. ती पाच-सहा मशीन कोणाशीही फाइल वाटत नसतील, फक्त ब्राउझर उघडत असतील, तर गोष्ट वेगळी: ग्राहक प्रतिसादच्या १४ मशीनना दिवस १८ नंतर एकूण ६ तासच लागले.

२२ मशीन लिनक्सवर, ९ नवी विंडोजची.

दिवस ७७

बाकी राहिलेलं: जुना स्कॅनर फक्त एसएमबी १ वर (फाइल शेअरची जुनी, असुरक्षित आवृत्ती) फोल्डरमध्ये फाइल टाकतो. ती आवृत्ती सर्व्हरवर पुन्हा चालू करणार नाही. स्कॅनर बदलेपर्यंत स्कॅन मेलने जातील. स्कॅनर बदलायच्या यादीत टाकला आहे. रिकव्हरी पासवर्डवरून एक डिस्क उघडून पाहण्याची चाचणी पुढच्या सोमवारी. पुश प्रमाणपत्राची तारीख दोघांच्याही कॅलेंडरमध्ये, मुदतीच्या ३० दिवस आधी.